तांबडा कोरला, बांडा राहिला

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. हातानं केलेली कलाकुसर म्हणाल तर तिकिटांना भोकं पाडली, एवढीच. पुढं मशीन आलं आणि तेही गेलं. अशा माणसानं निवृत्तीनंतर लाकूड कोरायला घेतलं, तर आमच्या घरात त्याला एकच शब्द आहे, म्हातारचळ. शब्द बायकोचा. ती तो रोज वापरायची आणि मी रोज उलट बोलायचो, कारण तोंड बंद ठेवणं मला नोकरीतही कधी जमलं नाही.

पण मला छंदबिंद काही लागला नव्हता. मला फक्त एक बैल करायचा होता, माझ्या थोरल्या भावासाठी.

भाऊ गावाकडं असतो, कनेरगाव नाक्याहून आत. मी हिंगोलीत. शेत दोघांचं, कष्ट एकट्या त्याचे. त्याच्या दावणीला एक जोडी होती. एक तांबडा आणि एक पांढऱ्यावर काळे पट्टे असलेला, म्हणून बांडा. काही वर्षांमागं भाऊ गोठ्यात घसरून पडला, खुबा मोडला. नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आता बरेच महिने जड काम नाही. मग मी, उंटावरचा शहाणा, सगळा विचार एकट्यानं केला. पुतण्या बाहेरगावी नोकरीला, मग वैरण कोण टाकणार, पाणी कोण दाखवणार, नांगरटीला ट्रॅक्टर मिळतोच की. तो दवाखान्यात पडलेला असताना मी जोडी बाजारात नेऊन विकली. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. हे आज कबूल करतो, तेव्हा केलं नव्हतं.

काठी टेकत तो घरी आला, गोठ्यात गेला आणि रिकाम्या खुंट्यांपाशी बराच वेळ उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याचं मला काही वाटत नाही, तीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून लोकांचं ओरडणंच ऐकलंय. पण तो काहीच बोलला नाही, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललाच नाही. मी समोर बसलेलो असलो तरी वहिनीला सांगायचा, "त्याले म्हण, सातबाराचा कागद ठिवून जा." मग वहिनी माझ्याकडं बघायची, मी कागद ठेवायचो.

नोकरीत असताना मी दिवाळीला ड्युटी केली, पण पोळ्याची रजा कधी सोडली नाही. पोळ्याला त्याच्या घरी, त्याच्या पंक्तीला बसून जेवायचं, हा आमचा नेम. बैल गेले त्या वर्षापासून ते जेवण बंद झालं. वहिनीनं पहिल्या वर्षी कुणाच्या तरी हाती पुरणपोळीचा डबा पाठवला. मी तो उघडला, दोन घास खाल्ले आणि रडलो. बायको तेवढा वेळ उगीच कपाट आवरत बसली.

वहिनीकडूनच फोनवर कळलं की भावानं त्या पोळ्याला रिकाम्या खुंट्यांची पूजा केली. बाजारातले मातीचे बैल आणू म्हटलं तर म्हणाला, "ज्याच्या घरी कधी बैल नव्हते त्यानं मातीचे पुजावं. माझे व्हते." ते ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. तेव्हा ठरवलं की त्याचा बैल मी करून देणार, लाकडाचा, टिकेल असा. मग तरी तो मला जेवायला ये म्हणेल.

शिकायचं कुठं? मोबाईलवर. तिथं एक दाढीवाला गोरा माणूस सापडला. बर्फाच्या गावात लाकडाच्या घरात बसायचा आणि वीस मिनिटांत अस्वल कोरायचा. लाकूड कसलं ते मला कळलं नाही, पण त्याच्या सुरीखाली लोण्यासारखं निघायचं. मागं हिंदीत एक यंत्राचा आवाज, "अब हम धीरे से नाक बनाएँगे." मी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की बायको भाजी चिरतानाही म्हणायला लागली, अब हम धीरे से दोडका बनाएँगे.

लाकडासाठी मी आरा मशीनवर गेलो आणि चांगली वाळलेली बाभूळ घेऊन आलो. यात चूक काय ते शेतकऱ्याच्या पोराला कळणारच नाही. आमच्याकडं तिफण बाभळीची, वखर बाभळीचा, गाडीची चाकं बाभळीची. बैल म्हटला की बाभूळ, असं डोक्यात पक्कं बसलेलं. त्या दगडासारख्या कठीण लाकडावरून तिसऱ्या दिवशी पटाशी सटकली आणि अंगठ्यात गेली. चार टाके पडले. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी पटाशीला शिव्या घालत आणखी दोन पटाशा आणल्या. महिन्याभरानं बाभळीवर एक ओरखडा होता आणि माझ्या हातावर सात.

अंगठा बांधून बसलेलो असतानाच पेपरात एक जाहिरात दिसली. हिंगोलीतच, एका सभागृहात, दर रविवारी, नवशिक्यांसाठी लाकूड कोरण्याचा वर्ग. गेलो. कॉलेजच्या दोन मुली, एक टेलर, एक बँकेतला आणि मी. शिकवणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पहिल्या दिवशी प्रत्येकासमोर एकेक साबणाची वडी ठेवली.

"मॅडम, मी आंघोळ करून आलोय," मी म्हणालो. सगळे हसले, ती हसली नाही.

"काका, साबण कुठूनही कापला जातो. लाकूड तसं नाही, त्याला एका दिशेनं जाणारे तंतू असतात. त्यांच्या उलट गेलात की ते फुटणार नाहीतर तुम्हाला लागणार." मग माझ्या अंगठ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही जोर फार लावता. आधी जोर कमी करायला शिका."

मला राग आला. तीस वर्षं भरलेल्या गाडीत माणसांना जोर लावून मागं सारलंय, जोर कमी करून चाललं असतं का? पण साबण पुढं ओढला. साबणाचा बैल केला, तो डुकरासारखा झाला. बायकोनं त्याच वडीनं दोन दिवस कपडे धुतले आणि म्हणाली, चला, कशाला तरी आला.

चौथ्या रविवारी मॅडमनं पांगाऱ्याचे तुकडे दिले. पांगारा! आमच्या बांधावर तो कुणी सरपणालाही नेत नाही. पण पटाशी लावली आणि पातळ, वळलेली ढलपी अलगद बाहेर आली. पहिल्यांदाच हाताला जोर न लावता काहीतरी जमलं होतं. मी इकडं तिकडं बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मग आणखी एक काढली.

खरी अडचण त्याच्या पुढं होती. कोरायचा होता तो आमचा तांबडा, आणि तो कसा होता हे मला नीट आठवेना. शिंगं बाहेर वळलेली की वर? वशिंड केवढं? माझ्या गाडीला वसमतहून रोज कोण हळदीचं पोतं घेऊन चढायचं ते मला आठवतं, त्याचं पोतं कुठं ठेवायला लावायचो तेही आठवतं. घरच्या बैलाची शिंगं आठवेनात. फोटो शोधला तर एकच मिळाला. पुतण्याच्या हळदीचा. त्यात तांबड्याची शेपटी होती, मागचे दोन पाय होते आणि पुढं दात काढून उभा असलेला एक पाहुणा.

मग डोळे मिटून बसायचो, हातात लाकूड घेऊन. असं बसलं की हळूहळू यायचं. पोळ्याच्या रजेवर मी दुपारच्या गाडीनं नाक्यावर उतरायचो. भाऊ बैलगाडी जुंपून लिंबाच्या सावलीत थांबलेला असायचा. मी पिशवी टाकून मागं पाय सोडून बसलो की तांबडा हुकमाची वाट न बघता गावाकडं ओढायला लागायचा. ओढताना मान खाली घालायचा आणि डावीकडं झुकवायचा. ती मान आठवली, मग मानेमागून वशिंड आठवलं, मग शिंगं. भाऊ दर वेळी मागं न बघता एकच विचारायचा, "आज किती तिकिटं फाडली रे?" मी दर वेळी काहीतरी वाकडं उत्तर द्यायचो. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूला सोयाबीन असायचं, कासरा त्याच्या हातात सैल असायचा आणि मला कसलीच घाई नसायची. एवढं सुख आपल्याजवळ होतं आणि आपण त्याला गाडीचा खडखडाट म्हणायचो, याचं फार वाईट वाटायचं.

वर्ग संपले तरी मॅडम चुका दाखवायला बोलवायची. कोरताना बैलाचे पाय चार वेळा मोडले. शेवटी वीतभर उंचीचा तांबडा उभा राहिला. मान खाली, डावीकडं झुकलेली. पॉलिश पेपर घासून घासून माझी बोटं गुळगुळीत झाली होती. बायकोनं तो हातात घेतला, सगळ्या बाजूंनी बघितला आणि त्या दिवशी तो शब्द वापरला नाही.

पोळ्याच्या सकाळी, न बोलावता, मी गावी गेलो. पिशवीतून बैल काढून ओसरीवर वहिनीसमोर ठेवला. भाऊ खाटेवर बसलेला. त्यानं बैल उचलला. मानेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. ओळखला होता, हे मला त्याच्या अंगठ्यावरून कळलं. मग त्यानं पिशवीकडं बघितलं आणि वहिनीला म्हणाला, "त्याले विचार, दुसरा कुठं हाय?"

दुसरा नव्हताच. व्हिडिओतल्या माणसानं एक अस्वल केलं, मॅडमनं एक ठोकळा दिला, मी एक बैल केला. जोडी असते हे मी, एका शेतकऱ्याचा पोरगा, वर्षभर विसरून गेलो होतो. केला तोही दिसायला देखणा म्हणून तांबडा.

"एकट्या बैलाची पूजा करतेत काय?" भाऊ वहिनीलाच म्हणाला. "बांड्याले इकून आला, अन् आता लाकडातबी त्याले सोडून आला." त्यानं बैल खाली ठेवला आणि काठी घेऊन गोठ्याकडं गेला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, चहा तरी घ्या." मी घेतला नाही. परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली आणि मी सबंध रस्ता बाहेर तोंड करून बसलो.

पुढच्याच महिन्यात, पायाच्या तपासणीला हिंगोलीत आलेला भाऊ, एरवी जो थेट स्टँडवर जायचा, तो माझ्या दारात उभा राहिला. आत आला, बायकोकडं पाणी मागितलं आणि मी पांगाऱ्याचा दुसरा तुकडा शिकंजात आवळून कोरत बसलो होतो तिथं येऊन बसला. बराच वेळ बघितलं. मग बायकोला म्हणाला, "त्याले सांग, बांडा एवढा पोटाचा नव्हता. रोडका व्हता त्यो."

मग दर महिन्याला तो यायचा. बायको स्वयंपाकघरात, तिथून तिच्यामार्फत शिकवणी. त्याले सांग, बांड्याचं डावं शिंग आखूड. त्याले सांग, मागचा पाय जरा आत टाकायचा त्यो. "काहून कानं एवढी उभी केली? बांड्याची कानं पडेल व्हती." कधी बोलता बोलता तो भलतीकडंच जायचा. नाल्याला पाणी आलं की बांडा आधी तांबड्याला पाणी पिऊ द्यायचा, हे मला तेव्हा कळलं. मॅडमनं शिकवलं ते सगळं त्यानं नव्यानं शिकवलं, फक्त माझ्याकडं न बघता.

एकदा मला राहवलं नाही. पटाशी खाली ठेवली आणि म्हणालो, "दादा, माझं चुकलं. तुला विचारायला पाहिजे होतं. मला माफ कर." बायको भांडं घासता घासता थांबली. भाऊ लाकडाकडंच बघत होता. "त्याले सांग," तो म्हणाला, "लाकूड तिरपं धरलं त्यानं. सरळ धर म्हणावं."

मी सरळ धरलं. दुसरं काय करणार.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बांडा पोचवायला गेलो. जोडी ओसरीवर पाटावर उभी केली आणि निघण्यासाठी पिशवी घडी घालायला लागलो. संध्याकाळ होत होती, गावात ज्यांच्याकडं बैल होते तिथं खांदेमळणी चालली होती. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे आदल्या संध्याकाळी तूप-हळदीनं चोळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतन द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. भावानं वाटीत तूप आणि घरची हळद कालवून आणली. पाटासमोर बसायला त्याला वेळ लागला, खुबा अजून दुखतो. एरवी चोळायचं ते पळसाच्या पानानं, पण या इवल्या खांद्यांवर तेवढी जागा नव्हती, म्हणून त्यानं नुसत्या अंगठ्यानं चोळलं. आधी बांड्याचा खांदा, मग तांबड्याचा. वाकून दोघांच्या कानाशी पुटपुटला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

मी चपला घालत होतो. तो काठी टेकत उठला आणि माझ्याकडं आला. बोटांना हळद-तूप होतंच. त्यानं माझ्या खांद्यावर, सदऱ्यावरूनच, सबंध तळवा ठेवला आणि जोर लावून चोळला.

"आज आवतन घे," तो मला म्हणाला, "उद्या जेवायले ये."

मी मान हलवली.