माझं उष्टं खाल्लेला माणूस

नामांतराचा दंगा निवला त्या साली मी परभणीहून एकटाच हैदराबादला गेलो. चारमिनार बघायची हौस माझ्या बायकोची, पण ती आदल्या उन्हाळ्यात वारली. भूक लागली म्हणून एका अमेरिकन थाटाच्या हाटेलात शिरलो. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, अन् कोपऱ्यातली नाणं टाकून वाजवायची पेटी इंग्रजी गाणी म्हणायली.

वेटर माझ्याच वयाचा. गाण्याच्या तालावर मान हलवीत चालायचा, पण हातातला चहा सांडायचा न्हाई.

मी अर्धा खिमा अन् एक रोटी ठेवून हात धुवून आलो. आमच्यात बाई नवऱ्याच्या ताटात मागून जेवते. जन्माची सवय, एकदम कशी मोडावी?

"क्या बडे मियां, पसंद नै आया?" वेटरनं इचारलं.

"घरवालीसाठी ठेवलं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कहां हैं उनों?"

"मेली."

त्यानं ताट उचललं न्हाई. खुर्ची ओढून माझ्या म्होरं बसला अन् जेवू लागला. गल्ल्यावरून मालक वरडला, "पागल हुआ क्या? गिराईक का जूठा खा रा?"

"किसी के वास्ते रखा सो खाना है साब, फेंकते क्या?" म्हणत त्यानं रोटीनं ताट पुसून घेतलं.

मला त्याचं नावबी ठावं न्हाई. आता मी स्वतःच भाकर थापतो, अर्धी ठेवतो अन् दाराकडं बघत बसतो. तिची वाट बघायलोय का त्याची, मला सांगता येत न्हाई.