आत न वळवलेल्या कड्या

पाटणच्या बाजूला एका निवृत्त सुभेदारांचे घर मी बांधत होतो. सिमेंट, सळई, खडी, सगळे मी स्वतः पारखून घेतलेले. त्याचा मला अभिमान होता, आणि आज त्या अभिमानाचीच चीड येते.

पहिला कॉलम भरायचा मुहूर्त सकाळचा होता. कराडहून मी ऐनवेळी पोहोचलो. आदल्या दिवशी जाऊन सळई तपासायला हवी होती. उभ्या सळयांना बांधणाऱ्या कड्यांची टोके नुसती काटकोनात वाकवलेली दिसली. कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलते. टोके आत, गाभ्याकडे वळवली नाहीत तर मोठ्या धक्क्यात कड्या उघडतात आणि कॉलम बसतो. हे मी तीस वर्षे इतरांना सांगत आलो आहे.

सळई बांधणाऱ्या फिटरला बाजूला घेतले.

"आवं साहेब, आत वळवायला लय येळ जातो. काँक्रीटच्या पोटात कोन बघतंय?"

शिराळ्याहून सोयरे आले होते. सुभेदारांच्या आई ताट घेऊन उन्हात उभ्या. गुरुजी म्हणाले, "साहेब, वेळ टळतेय." आणि मी, ज्याने थांबा म्हणायचे, तो म्हणालो, "फोडा नारळ." पहिले घमेलेही मानाने मीच ओतले. दिवस मावळेपर्यंत आठही कॉलम भरले.

तीन आठवड्यांनी हलकासा धक्का बसला. तिकडची माणसे अशा धक्क्याने हातातला कपही खाली ठेवत नाहीत. सुभेदारांचा फोन आला, हसत. "साहेब, कॉलम जागचं हाललं न्हाईत. तुमचं काम म्हंजे काम!"

त्या शाबासकीने अंगाची आग झाली. फिटरवर मी मनात किती ओरडलो! पण त्याने निदान खरे सांगितले होते. खोटा मी होतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन सुभेदारांना सगळे सांगितले. त्यांनी जवळच्या कॉलमवर हात ठेवला.

"तवाच का न्हाई बोललासा?"

"मुहूर्त होता. आई उभ्या होत्या."

"मुहूर्त!" ते कडाडले. "आवं, फौजेत माजं लगीन दोनदा पुढं गेलं, रजा मिळंना म्हनून. आईनं कवा तोंड वाकडं केलं न्हाई. ह्या छताखाली तीच झोपनार हाय, हे ठावं व्हतं न्हवं तुमाला?"

छताचा स्लॅब अजून भरला नव्हता, एवढेच नशीब. "आठही तोडून नव्याने उभे करतो," मी म्हणालो.

त्यांनी घण आणून माझ्या हातात दिला. "पयलं घमेलं तुमचं. पयला घाव बी तुमचाच."

मी घण उचलून मारला. तो उसळून मागे आला, मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. कॉलमचा टवकासुद्धा निघाला नाही. माल उत्तम होता. मीच निवडला होता. दात खाऊन मी पुन्हा घण उचलला.