फोनमध्ये नसलेला फोटो

माझे पती गेले तो मंगळवार होता. ते बाहेरून आले, खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते गेलेले होते.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यानंतरचं आहे. गूढ अनुभवांचं हे सदर मी कित्येक वर्षं वाचत आले... आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतही आले. अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. भुताखेतांची पुस्तकंसुद्धा मी विषयाचा क्रमांक घालून कपाटात लावलेली आहेत. संध्याकाळी एकटीनं दिवे मालवून कुलूप लावताना कधी पाठीमागं काही हललं नाही, आणि हलेल असं वाटलंही नाही. आजही माझा कशावर विश्वास बसला आहे असं नाही. फक्त एक फोटो आहे — आणि तो कुठून आला हे मला सांगता येत नाही.

विनायक बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली. खिशात मावेल असा फोटो-प्रिंटर. फोन त्याला ब्लूटूथनं जोडायचा, अॅपमधून फोटो पाठवायचा, की बाजूच्या फटीतून पत्त्याएवढा फोटो हळूहळू सरकत बाहेर येतो. शाई लागत नाही. कागदातच रंग असतो, उष्णतेनं उमटतो. मागचं पापुद्र्यासारखं आवरण सोललं की फोटो चिकटतो. आम्ही दोघं फिरायला निघालो की ते प्रिंटर घ्यायचे आणि मी जाड कागदाची वही. फोटो त्यांचा, त्याखालचं चार ओळींचं टिपण माझं. त्यांचा एक नियम होता — जिथला फोटो तिथंच छापायचा, तिथंच चिकटवायचा, मगच उठायचं.

“घरी जाऊन चिकटवला का तो फोटो शिळा होते,” ते म्हणायचे.

चिखलदरा, नरनाळ्याचा किल्ला, सेमाडोह, लोणार. सगळ्या पानांवर मी आहे. बहुतेक पाठमोरी. मी वळून बघायला लागले की ते ओरडायचे, “वळू नको ना! तू पाहून राहिली, तेच पाहिजे मले.” आणि एकाही पानावर ते नाहीत. फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो, एवढी साधी गोष्ट ते गेल्यावर माझ्या लक्षात आली.

त्यामुळं भिंतीवर लावायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा बँकेच्या ओळखपत्रावरचाच हाती लागला. स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला, मागं निळं आभाळ घातलं आणि त्यांच्या अंगात काळा कोट, लाल टाय चढवला. आपल्याकडं गेलेल्या प्रत्येक माणसाला हल्ली असा कोट मिळतो. मी त्या दिवसांत काहीच नीट पाहत नव्हते. फ्रेम अकोल्याला गेली.

अकोल्याला माझ्या सासूबाई राहतात. नणंद मंदा पलीकडच्याच गल्लीत. सासूबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली, पदरानं पुसली आणि विचारलं, “हा कोन सायेब आनला?”

“आई, विनायकच आहेत.”

“डोक्सं त्याचं हाय. बाकीचा मानूस कोनाचा हाय? माह्या पोरानं लगनात कोट घातला नाई.”

मंदा म्हणाली, “स्टुडिओवाला समद्याईलेच घालते वं माय.”

“मंग समद्याईच्या माया गप बसत असतीन. मी नाई बसत.”

तेव्हा आम्ही हसलो. आईसुद्धा हसल्या. पण वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी अकोल्याला गेले, तर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. हात हातात घेतला.

“माधुरी, तुले एक सांगतो. आताशा डोये मिटले का हा कोटवालाच पुढं येते. माहा इनायक नाई येत. म्या लय धुंडतो त्याले... नाई सापडत. त्याचा एखांदा खरा फोटू आन वं. नाई त श्राद्धाले या सायबाले हार घालू नका.”

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. कारण माझंही तेच होऊ लागलं होतं. पुस्तक वाचता वाचता मी त्यांचा चेहरा आठवायला जायची, आणि लाल टाय दिसायचा.

असा एक फोटो होता, हे मला ठाऊक होतं. आमच्या शेवटच्या फेरीत, सेमाडोहला. तिथं चहाची टपरी चालवणाऱ्या शांताबाईंचा यांनी फोटो काढून दिला, तर त्या म्हणाल्या, आता तुमचा मी काढते. हे लाजले आणि खळखळून हसले. बाईंनी बरोबर तेव्हाच बटण दाबलं. प्रिंट त्यांनीच हट्टानं ठेवून घेतली, आणि आमच्या साहेबांनी फोनमधून फोटो पुसून टाकला. “माह्या थोबाडानं काहून जागा अडवाची?”

मंदाला सांगितलं तर ती उठलीच. “मंग बसल्या काहून वयनी? चाला. गाडी मी काढतो.”

मंदा गाडी चालवते तशी बोलते — न थांबता. मी घरी परतल्यावर दोन दिवसांनी ती अमरावतीला येऊन मला घेऊन निघाली. परतवाड्यापर्यंत भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती; बऱ्याचशा ऐकीव, कारण ती त्यांच्याहून खूप लहान. घाट लागला तशी गप्प झाली. थंडी सरत आली होती. सागाची पानं गळायला लागली होती, रस्त्यावर त्यांचा खच पडला होता आणि चाकांखाली तो पापडासारखा मोडत होता. मी माझ्या भावानं दिलेली दुखवट्याची साडी नेसले होते. फिकट जांभळी. चौदाव्याला मांडीवर ठेवलेली ती साडी वर्षभर कपाटातच होती, घडीसुद्धा मोडली नव्हती. त्या दिवशी का नेसावीशी वाटली कोण जाणे. ही साडी लक्षात ठेवा.

टपरी तिथंच होती. शांताबाईंनी मला ओळखलं, कपाळाकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. फक्त चहात साखर जास्त घातली. मी फोटोचं विचारलं तशी त्यांचा चेहरा उजळला.

“हाय ना! रोज दिसला पाहिजे म्हनून चुलीपाशीच लावला.”

चुलीमागच्या पत्र्यावर तो चिकटवलेला होता. मागं गोंद असतोच. उष्णतेनं रंग उमटणारा कागद, आणि रोजची चूल. सगळा फोटो जांभळट काळा झाला होता. नाक नाही, डोळे नाहीत. बाईंनी पदराचं टोक ओलं करून तो पुसायला घेतला. त्यांना वाटत होतं काजळी आहे. मंदानं त्यांचा हात धरला.

“राहू द्या बाई. नका पुसू.”

“दिसते ना थोडासा? मले त दिसते,” बाई म्हणाल्या.

तिथून आम्ही सिपना नदीवर गेलो. करायचं काही उरलं नव्हतं. दुपार कलली होती. पाणी कमी, पण वाहतं. दगडांवरून जाताना त्याचा आवाज असा, की शेजारच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात वाचत बसलंय. मंदा पुढं जाऊन एका दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. ती रडत होती, म्हणून मी मागंच थांबले. ऊन पाठीवर होतं. समोर पाणी, पलीकडं साग, त्यावर पडलेला पिवळा उजेड. बराच वेळ मी नुसती उभी होते. इतकं शांत मला वर्षभरात वाटलं नव्हतं; जणू कुणीतरी मला आठवत होतं आणि मी तेवढ्यापुरतीच तिथं होते.

मग मी फोन काढला आणि पाण्याचा एक फोटो घेतला. नुसतं पाणी आणि पलीकडचा काठ. पिशवीत प्रिंटर होता, वही होती. नियम तर नियम. मी वाळूवर बसून फोटो पाठवला. प्रिंटर गुरगुरला.

फोटो वरच्या बाजूनं बाहेर यायला लागला. आधी साग. मग पलीकडचा काठ. मग मंदा... दगडावर बसलेली, पाय पाण्यात. मला वाटलं, अरे, मंदा फोटोत आली वाटतं. आणि मग फिकट जांभळा रंग आला.

मी होते. पाठमोरी. दोन्ही हातांत फोन धरून, मान जराशी डावीकडं कललेली, पाण्याचा फोटो काढत असलेली. त्याच साडीत.

सगळ्यात शेवटी खालची कडा आली. वाळू. वाळूवर, माझ्या पायांच्या दिशेनं लांब पसरलेली एक सावली. कोपरं वर उचललेली, फोन डोळ्यांसमोर धरल्यासारखी.

मी मागं वळून पाहिलं. वाळू होती, ऊन होतं. झाडसुद्धा बरंच लांब होतं.

भीती वाटली नाही. तुम्ही म्हणाल, हे लिहायला सोपं आहे. पण खरंच नाही वाटली. मी फोन पाहिला. त्यात पाण्याचा फोटो होता, नुसता पाण्याचा; मंदाही नव्हती. तोच परत पाठवला. या वेळी प्रिंटरनं निमूटपणे पाणी छापून दिलं.

मंदाला हाक मारली. तिनं ओल्या पायांनी येऊन फोटो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

“जुना असन वयनी. मशीनमंदी राहून जाते एखांदा.”

“मंदा, यात तू आहेस.”

ती खाली बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “मंग काढला कोनं?”

“माहीत नाही.”

“माहा फोन त गाडीत हाय.” हे ती मला नाही, स्वतःलाच सांगत होती. मग सावलीवर बोट ठेवलं. “आन हे असं काहून हाय? मानसाची नाई वाटत. झाडबिड असन.”

सावली विचित्र होती खरी. वरचं अंग माणसाचं, पण खाली पाय एकच. आणि त्या पायाच्या बाजूला एक त्रिकोण, मोडक्या फांदीसारखा. मलाही वाटलं, दोन सावल्या एकमेकींत मिसळल्या असतील. कशाच्या, ते मात्र सांगता येत नव्हतं.

हा फोटो आईंना दाखवायचा नाही, असं माझं ठरलं होतं. त्या चेहरा मागत होत्या, आणि माझ्याकडं होती ती एका पायाची सावली. अकोल्याला पोचलो तेव्हा त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आमच्या तोंडाकडं पाहूनच ओळखलं.

“नाई भेटला ना?”

“नाही आई. चुलीच्या आचेनं खराब झाला.”

“असू दे,” त्या म्हणाल्या आणि परत तांदळात बोटं घातली. ती बोटं नुसतीच फिरत होती, खडा वेचत नव्हती. मंदाला ते पाहवलं नाही. तिनं माझ्या वहीत न चिकटवता ठेवलेला फोटो ओढला आणि त्यांच्या पुढं धरला.

“माय, हे पाह्य बरं. काय दिसते तुले?”

आईंनी चष्मा वर केला, फोटो नाकाशी नेला, मग उजेडाकडं धरला. बराच वेळ पाहिलं.

“हे माधुरी. हे तू, दगडावर पसरलेली म्हैस.” मंदा रडता रडता हसली. आणि मग आईंचं बोट खालच्या कडेला आलं आणि थांबलं.

“अन् हा इनायक.”

मंदानं मान वाकवून परत फोटोत पाहिलं.

“अवं, असाच उभा राहे थो! एका पायावर. दुसरा पाय असा पोटरीले अडकवून, बगळ्यावानी. पतंग उडवतानी, गोट्या खेयतानी... ध्यान लागलं का एक पाय वर. याचा बाप लय बोले, ‘लोकाईत बगळा होऊ नको बे.’ तईपासून चारचौघात सोडलं त्यानं. कोनी पाहत नसलं का मंग करे.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “तुले कसं ठाव नाई?”

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना एकदाही एका पायावर उभं असलेलं पाहिलं नाही. फोटो काढताना ते माझ्या पाठीशी असायचे. आणि वळायचं नाही, हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

मंदालाही ठाऊक नव्हतं; तिच्या जन्माआधीच ही सवय चारचौघांतून गेली होती. सासरे कधीच गेले. म्हणजे ही गोष्ट आता जगात एकट्या आईंना माहीत होती, आणि त्या दिवशी त्या अकोल्यात होत्या.

आईंनी डोळे मिटले. फोटो हातातच होता. मी जवळ सरकून बसले, विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी मंदानंच विचारलं, “येते का माय?”

“थांब वं,” आई डोळे न उघडता म्हणाल्या. “पाहू दे मले.”

वर्षश्राद्धाला त्याच फोटोला हार घातला. हार मोठा आणि फोटो एवढासा, म्हणून मंदानं अबोलीची वेणी आणली. आलेल्या नातेवाइकांनी विचारलं, की इथं माधुरीचा फोटो का ठेवलाय, ती तर जिवंत आहे. आईंनी कुणाला काही समजावलं नाही.

नंतर मी प्रिंटर जाणकारांना दाखवला. कुणी म्हणालं अॅपमधला घोळ, कुणी म्हणालं दुसऱ्या एखाद्या फोनशी जोडला गेला असेल. असेलही. पण तो फोन हातात धरून त्या वाळूवर उभं कोण होतं, हे कुणी सांगितलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मी वाद घालणार नाही.

तो फोटो अकोल्याला आईंच्या उशाशी आहे. कोटवाली फ्रेम मंदाच्या माळ्यावर आहे. प्रिंटर माझ्याकडं आहे, आणि त्यातून आता फोनमध्ये असतात तेच फोटो येतात.