अकरा दिवसांचं तेल

"कात्री, इळा, सुरी, काय आसंल ते आदी भाईर ठिवा."

मावशी कुणाच्याही घरी गेली की उंबऱ्याबाहेरूनच तिचं हे पहिलं वाक्य. पाणी नंतर, चहा त्याहून नंतर. घरातली माणसं निमूटपणे कात्री-विळा उचलून गोठ्यात नेऊन ठेवायची, मग ती आत येऊन बसायची. तळहातावर तेल घ्यायची आणि तो तळहात आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. "हाताला घट्टं पडल्यात. तेल किती ऊन हाय ते गालालाच कळतंय." मग समोरच्या डोक्याला हात लावायची.

ती मिरजेत राहायची, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीमागे एका खोलीत. बाप मेंढरं घेऊन जतच्या कोरड्या भागात फिरणारा, त्यामुळे कन्नड मराठीइतकंच चांगलं यायचं. आठवड्याच्या बाजारांना ती केसांचं तेल आणि शिकेकाई विकायला यायची. माका, जास्वंदीची फुलं, आवळकाठी, नागरमोथा तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवायचं आणि माक्याचं पान बोटात कुरकुरलं की उतरवायचं. कृती ती कुणालाही सांगायची. सांगून कुणी करत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी जतकडच्या एका गावात नऊ वर्षं शिक्षिका होते. आमची ओळख बाजारातच झाली. माझं डोकं हुंगून ती म्हणाली, "बाई, तुमच्या डोस्क्याला धुण्याच्या सोड्याचा वास येतोय." मी शाम्पूची पुडी वापरायचे. त्या दिवसापासून सोडली.

खोटं बोलून तेल विकणं तिला जमत नव्हतं. कुंडलचे एक निवृत्त सुभेदार पाहुणे म्हणून गावात आले होते. उसाचं रान, पेन्शन, आणि डोक्यावर लख्ख चंद्र. बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यानं केस येतील का?" ती म्हणाली, "आवं सुभेदार, रानात बीच न्हाई तर खत घालून काय उपेग? ठिवा ती खाली. न्हाईतर मालकीणबाईंस्नी न्या." सुभेदार हसले आणि दोन बाटल्या घेऊन गेले. एकदा मी तिला मोबाईलवर एका तेलाची जाहिरात दाखवली. गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई मान झटकत होती. तिने दोनदा बघितली आणि म्हणाली, "चमक तेलाची न्हाई, दिव्याची हाय."

पण हे तिचं पोटापुरतं काम. तिचं खरं काम जट सोडवण्याचं होतं आणि त्याला ती पैसे घेत नसे.

शहरात वाढलेल्यांना जट म्हणजे काय ते सांगायला हवं. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत, घाम आणि धूळ बसत गेली, की ते एकमेकांत रुतून दोरखंडासारखे घट्ट होतात. गुंताच तो. पण आमच्या त्या भागात पोरीच्या डोक्यात असा गुंता दिसला की आई फणी खाली ठेवायची. देवी आली म्हणायची. मग त्या डोक्याला फणी नाही, कात्री तर नाहीच. पोरीचं नाव आधी शाळेतून जायचं, मग सोयरिकीच्या बोलण्यातून, आणि एक दिवस ती कपाळभर हळद लावून, परडी घेऊन दारोदार जोगवा मागताना दिसायची.

शहरातून कार्यकर्ते यायचे, समजूत घालून जट कापायचे. तशा मोकळ्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांचं भलंच झालं. पण ज्या घरात समजूत पटायची नाही तिथे मावशी जायची. देवीविषयी ती एका शब्दाने वाद घालत नसे. मला त्याचा राग यायचा. "मावशी, देवीबिवी काही नसतं हे सांगत का नाही तुम्ही त्यांना?"

"हाय का न्हाई ते तुमी आन देवी बघा. मला गुंता दिसतोय." मग म्हणाली, "बाई, तेलानं सुटली तर देवीनं आपणहून सोडली. कापली तर माणसानं तोडली. ह्या लोकांस्नी त्यातलं अंतर लय मोठं हाय."

माझ्या नववीच्या वर्गात भाग्यश्री नावाची मुलगी होती. गणितात पहिली. दिवाळीनंतर तापाने दीड महिना अंथरुणाला खिळली आणि उठली ती डोक्यात जट घेऊनच. तिच्या आजीने फणी माळ्यावर टाकली. वडील बरा माणूस, पण स्वतःच्या आईपुढे त्याचं चालायचं नाही. मी मावशीला घेऊन गेले. मावशी आजीशी कन्नडमध्ये तासभर बोलली. अखेर ठरलं ते असं: मावशीने अकरा दिवस तेल लावून बघायचं. एकही केस न कापता सगळी जट सुटली, तर देवीनेच पोरीला मोकळं केलं असं समजून ती दहावीला बसेल. नाही सुटली तर पुढच्या पौर्णिमेला तिला देवीकडे न्यायचं.

पहिले चार दिवस नुसतं तेल. सकाळ-संध्याकाळ ऊन करून मुरवायचं, वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधायचं. मी रोज शाळा सुटली की जायचे आणि काहीच घडलेलं दिसायचं नाही म्हणून चुळबुळायचे. पाचव्या दिवशी तिने रिठ्याच्या पाण्याने मळ काढला, जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी जटेत जिरवलं आणि पिशवीतून साळिंदराचा काटा काढला. बापाकडून आलेला, वापरून गुळगुळीत झालेला. त्या काट्याने ती शेंड्याकडून एकेक केस सुटा करत वर येऊ लागली. भाग्यश्री मांडीवर पुस्तक घेऊन वाचत बसायची, मावशी मधूनच तिला पाढे म्हणायला लावायची आणि चुकलं तरी मावशीला कळायचं नाही.

सहाव्या दिवशी पहिली बट सुटली. आजीने ती हातात घेतली, तिला हळदकुंकू लावलं आणि पदर तोंडाला लावून रडली. म्हातारीलाही नात हवी होती, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी तिला शत्रूच समजत होते.

नवव्या दिवशी मिरजेहून फोन आला. मावशीच्या बहिणीला दवाखान्यात घातलं होतं, ऑपरेशन करायचं होतं. जाणं भाग होतं. मानेच्या वर मुठीएवढी गाठ तेवढी राहिली होती. "दोन दिसात येते. अकराव्या दिसाला सोडून देते. तवर तेल लावत ऱ्हावा. कुणी वढू नगा."

दहावा दिवस आमच्या शाळेतल्या महिला दिनाचा होता. आता मला सगळं सांगितलंच पाहिजे. तालुक्याहून पाहुणे यायचे होते, पेपरवाले यायचे होते, आणि मी पत्रिका छापून बसले होते. जटेतून मुक्त झालेली विद्यार्थिनी व्यासपीठावर केस मोकळे सोडून भाषण करील, असं त्यात मोठ्या अक्षरात होतं. ही कल्पना माझी. मावशीला मी ती सांगितलीही नव्हती.

त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत मी भाग्यश्रीचे केस विंचरायला बसले. वरचे केस सुरेख बसत होते, पण गाठ मध्येच फुगून वर यायची. कार्यानुभवाच्या कपाटात कात्री होती.

"बाई, मावशी म्हणल्या हुत्या..."

"अगं, एवढीशी तर आहे. वरून केस आले की कुणाला दिसतंय?"

ती गप्प बसली. शिक्षकांपुढे गप्प बसायचं आम्हीच शिकवलेलं असतं. मी गाठ कापली, कागदात गुंडाळली आणि केराच्या डब्यात टाकली. भाषण छान झालं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. संध्याकाळी आजी तिच्या डोक्याला तेल लावत होती तेव्हा म्हातारीची बोटं मानेवरच्या त्या खुंटापाशी येऊन थांबली.

मावशी बोलल्याप्रमाणे अकराव्या दिवशी आली. मी फाट्यावर जाऊन उभी होते. सांगितलं. ती मैलाच्या दगडावर बसली. बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"एक दिस ऱ्हायला हुता," ती म्हणाली. "घाई तुमाला हुती, बाई. पोरीला न्हवती."

मग उठली आणि सरळ त्यांच्या घराकडे चालू लागली. मी मागून. अंगणात आजी, वडील, शेजारपाजारची माणसं होती. मावशीने कुणी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "कात्री मी लावली. मिरजंला जायाच्या आदी. बाईंचा काय संबंद न्हाई."

मी तिथेच उभी होते. दोन हातांवर. मी नाही म्हणाले नाही, हो म्हणाले नाही, मेंढरांच्या वाड्याकडे बघत राहिले. आजी माझ्याकडे पुष्कळ वेळ बघत होती.

परत फाट्याकडे जाताना मी तिला विचारलं, असं का केलंत. ती म्हणाली, "तुमच्या साळंत अजून सोळा पोरी हायत. त्येंचं बाप तुमचं ऐकत्यात. माझं काय, आज हाय उद्या न्हाई." मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली. आधी बरंच वाटलं, हे लिहून ठेवते.

पुढच्या तीन बाजारांना ती त्या घराशी गेली. दारातूनच परत फिरली. पौर्णिमेनंतर भाग्यश्री शाळेत आली नाही. पोलिसांत जाऊ, असं मी मुख्याध्यापकांना म्हणाले, पण आग्रह धरला नाही. पोलिसांनी पहिला प्रश्न कात्रीचाच विचारला असता. पुढे कुणीतरी सांगितलं की सीमेपलीकडे एका जत्रेत ती दिसली, आत्याबरोबर, हातात परडी घेऊन.

मावशीचं नाव त्या सगळ्या गावांत 'कापणारी' पडलं. जिने आयुष्यात एका केसाला कात्री लावली नाही, तिचं. कुणी डोकं तिच्या हातात देईना. शिकेकाईच्या पुड्यासुद्धा बायका दुसरीकडून घेऊ लागल्या. ती तरीही बाजाराला येऊन बसायची, दुपारपर्यंत थांबायची आणि बाटल्या पुन्हा पिशवीत भरून जायची. मला त्या वर्षी उपक्रमशील शिक्षिका म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं, मग सोयीची बदली मिळाली, साताऱ्याला. भाग्यश्रीबरोबरचा तो फोटो शाळेच्या कार्यालयात अजून असेल. साताऱ्यालाही मी मावशीकडूनच तेल मागवत होते. एसटीने बाटली यायची, झाकणाला मेण लावलेली. त्या विषयावर ती कधीही बोलली नाही आणि मीही तिला बोलायला लावलं नाही.

गेल्या वर्षी डोळे दाखवायला मिरजेला गेले तेव्हा तिच्या गल्लीत शिरले. सतारीच्या तुंब्याला रंग देत बसलेल्या शेजाऱ्याने मान वर न करता सांगितलं, "गेली की वो. दिवाळीच्या आदी. सामान भाच्यानं नेलं."

मी तशीच जतची गाडी धरली. मोठी धीराची म्हणून नव्हे. जिच्या नजरेला नजर द्यावी लागली असती ती मावशी आता नव्हती, म्हणून.

आजी कधीच वारली होती. भाग्यश्रीचे वडील अंगणात बाजेवर बसले होते, पार वाळून गेलेले. त्यांनी मला ओळखलं. मी बसलेही नाही. म्हटलं, "ती कात्री मी लावली होती."

"ठावं हाय," ते म्हणाले. "त्याच सांजंला पोरीनं सांगितलं."

"मग मावशींना तुम्ही सगळ्यांनी..."

"ती तेलवाली म्हातारी आमच्या दारात हुबी ऱ्हाऊन खोटं बोलत हुती. आमी ऐकून घेतलं. बाई, कात्री लागली तरी त्यालाबी वाट आसती. ज्यानं कापली त्यानं सोता यायचं, खण-नारळानं देवीची ओटी भरायची, चुकलं म्हणायचं. देवी सोडती पोरीला. म्हातारी तीन येळा ओटी घिऊन आली. पर कापली न्हवती तिनं. तिची ओटी कशी चालंल?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"म्हातारीला सांगितलं हुतं की. म्हणलं, बाईंस्नी घिऊन या, पुनवंपतोर थांबतो. आमी थांबलो."

आणि मावशी माझ्याकडे शाळेत आली होती. त्याच महिन्यात, मधल्या सुट्टीत. आत आली नाही, फाटकापाशीच उन्हात उभी राहिली. मुलं भोवती खेळत होती. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "बाई, तुमी देवीच्या देवळात जाता का वो कवा?"

मी हसले. मुलं ऐकताहेत असं बघून मला चेव आला. जन्मात कधी दगडापुढे नारळ फोडला नाही, आणि शिक्षकांनीच हे करायला लागलं तर समाजाचं काय होईल, असं मी दहा मिनिटं तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आन कुणाच्या पोरीसाठी जायचं म्हणलं तर?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व, मावशी."

"बरं," ती म्हणाली. पिशवी खांद्यावर सारखी केली आणि फाट्याच्या वाटेला लागली. मी मागून ओरडून सांगितलं, पुढच्या बाजाराला माझ्यासाठी पाव किलो शिकेकाई आणा. तिने मागे न बघता हात वर केला. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुडी आली, वस्त्रगाळ केलेली. शिपायाजवळ देऊन ती निघून गेली होती.