गुरुवारी दिसलेले सात दिवस

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तो आपल्या वडिलांच्या, अण्णांच्या खोलीतला जुना टॅबलेट भिंतीवरून उतरवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. चहा निवून गेला होता. लॅपटॉपवर त्यानेच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्राम उघडा होता आणि त्यातली एकच ओळ तो पुन्हा पुन्हा वाचत होता.

आजारपणानंतर अण्णांचे वार चुकू लागले. गुरुवारी नऊला ज्येष्ठांच्या केंद्राची गाडी न्यायला येते हे पक्कं ठाऊक. पण गुरुवार कधी, तिथे घोळ. मुलगा साडेसातलाच कामावर जातो. म्हणून त्याने या टॅबलेटची, गाडी यायला किती दिवस उरले हे मोठ्या आकड्यात दाखवणारी पाटी करून दिली. हिशेब साधा. जावास्क्रिप्ट रविवारला शून्य धरते, गुरुवारला चार. चारातून आजच्या वाराचा आकडा वजा करायचा, उत्तर उणे आलं की सात मिळवायचे.

ती एक ओळ मात्र त्याने ऑफिसच्या कामातून आयती उचलली होती: शून्य आलं तर सात धर. त्याची कंपनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घरोघरी किराणा पोचवते. तिथे ते बरोबरच. गुरुवारी मागवलेला माल पुढच्या गुरुवारीच मिळणार. पाटी शनिवारी लागली आणि बुधवारपर्यंत आकडा बिनचूक उतरत गेला. गुरुवारची तारीख टाकून बघावी, हे त्याला सुचलंच नाही.

गेल्या गुरुवारी ड्रायव्हरने बेल वाजवली. “चला अण्णा, गुरुवार आहे.”

अण्णांनी त्यालाच वेड्यात काढलं. “अजून सात दिवस आहेत. माझ्या पोराने केलंय ते, चुकायचं नाही.”

गाडी रिकामी गेली. केंद्रात वकील, म्हणजे अण्णांचे बुद्धिबळातले जुने जोडीदार, पट मांडून संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी ते कायमचे परदेशी लेकीकडे गेले. त्यांना फोनवर ऐकू येत नाही.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. “काय उचकटतोयस?”

“दुरुस्त करतोय. आता गुरुवारी ‘आज’ असं येईल.”

“तहान निघून गेली. खण आता विहीर.”

“चूक माझीच आहे, अण्णा.”

“मग काय माझी? त्या ड्रायव्हरला मी नाही नाही ते बोललो.” त्यांनी खुर्ची ओढली. “त्याच्या आधीच्या गुरुवारी वकिलाचा वजीर अडकवला होता मी. म्हणाला, पुढच्या गुरुवारी बघतो तुझ्याकडे.”

मुलाने ती ओळ बदलली आणि टॅबलेटची तारीख एक दिवस पुढे केली. पडद्यावर ‘आज’ आलं. तारीख मागे आणली, ‘१ दिवस’. पाटी त्याने अण्णांच्या खोलीत परत खिळ्याला अडकवली आणि टेबलाशी आला.

“उद्या जाल ना?”

“समोर कोण बसणार?” अण्णा म्हणाले आणि मुलाचा निवलेला चहा स्वतःकडे ओढून प्यायले.

गाडी उद्या नऊला येईल. बेल वाजवल्यावर ती पाच मिनिटं थांबते.