चालूबाई

माझं दुकान भाड्याच्या भांड्यांचं, आदिलाबादच्या भाजीबजाराच्या तोंडाशी. गावात कुठंही लग्न, बारसं, तेरवी असो, कढई माझीच जाते. वाढायला-घासायला बाई हवी असली तर तीही मीच सांगायचो. चंद्रभागाबाई अशीच आली, सन त्र्याऐंशीत, तलमडुगूकडच्या एका खेड्यातून. नवरा देवाजी तापानं गेलेला आणि बोटाला धरलेली नऊ वर्षांची रुख्मिणी.

"मारोतराव, काई बी काम द्या," ती म्हणाली. "ह्या पोरीले पैनगंगेच्या पल्याड, आपल्या बोलीच्या घरात द्याची हाय. मंग मी मेली तरी चालते."

पहिलं काम मी तिला बोकलगुड्यात दिलं, एका तेलुगू घरच्या लग्नात. बाईला तेलुगूचा गंध नाही. वरणाची बादली घेऊन पंगतीत शिरली. पहिला पाहुणा म्हणाला, "चालु अम्मा, चालु." तेलुगूत चालु म्हणजे पुरे. हिला वाटलं, चालू ठेव म्हणतो. हिनं आणखी एक डाव ओतला. त्यानं पानावर हात आडवा धरला आणि ओरडला, "चालु, चालु!" हिनं हातावरून ओतलं. वरण पानाबाहेर आणि तिथून पाहुण्याच्या नव्या धोतरावर. पंगत हसून लोळली. घरची म्हातारी पदर तोंडात धरून हसत राहिली, आणि तिनंच नाव ठेवलं, चालूबाई.

दुसरी कोणी असती तर गाव सोडून गेली असती. ही हसतच दुकानात आली. "मारोतराव, इथले लोक पोट भरलं का चालू म्हनतेत. उलटंच गाव दिसते!"

त्या नावानं तिला सगळं गाव उघडून दिलं. चालूबाई वाढायला असली की पाहुणा उपाशी उठत नाही, असं तेलुगू घरांत बोलू लागले. संक्रांतीला तिला सकिनालु वळायला बोलावणं यायचं. तांदळाच्या पिठाची ती बारीक वेटोळी अशी सुरेख वळायची की बघणाऱ्याला तळवत नसत. खुर्शीदनगरात निकाह असला की ती बायकांच्या बाजूला मसाल्याचा बगारा भात वाढायची. तिथं ती 'चालूबी' होती. हमालवाड्यात भाकरी थापायची. दिवाळीत मोरपिसांचे टोप घालून गोंडांची दंडार गावात आली की नाचणाऱ्यांसाठी तिनं घुगऱ्या शिजवाव्यात. तेलुगू अंगणातले मुग्गू, म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळ्या, बघून शिकली आणि आमच्या मराठी दारात काढू लागली. मी जन्मानं इथला, पण कोणत्या गल्लीत कोण राहतं, काय खातं, हे मला तिच्या तोंडून कळलं. मी आपला गल्ल्यावर बसून माशा मारायचो.

आता मराठी कानाला 'चालू बाई' म्हणजे काय, ते सांगायला नको. आम्हा चार मराठी दुकानदारांना ते पहिल्या दिवशीच खटकलं होतं. मी तिला तोंडावर कायम चंद्रभागाबाईच म्हटलं. पण कानाचं काय, सवयीनं तो मरतो. नऊ वर्षं रोज वीसदा ऐकलं की शब्दातला काटा कळेनासा होतो.

ब्याण्णवच्या फाल्गुनात रुख्मिणीचं जमलं. पोरीला बघितलं मामाच्या घरी, तलमडुगूला. मुलगा पांढरकवड्याकडचा, शाळेत मास्तर. त्याचे वडील लक्ष्मणराव खूश झाले होते. मुलीचं घर बघायचं, चार माणसांत विचारायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच बाकी होतं. बाई दुकानात येऊन सांगून गेली, "तुमची मोठी कढई चैतात कोनाले देऊ नका." मी नऊ वर्षांत तिला इतकी उजळलेली पाहिली नव्हती.

आठ दिवसांनी पांढरी टोपी घातलेला एक माणूस भाजीबजारात हिंडत होता. चंद्रभागाबाई कुठं राहतात, असं तो विचारत होता. त्या नावाची बाई कोणालाच माहीत नव्हती. शेवटी तो माझ्याकडे आला. मी त्या वेळी कल्हईवाल्याशी भांडत होतो, आणि भांडताना मला आजूबाजूचं काही दिसत नाही. मान वर न करता मी समोरच्या टमाटेवाल्याला ओरडलो, "पोशेट्टी, इनको चालूबाई का घर दिखाओ रे!"

पोशेट्टी बिचारा भला माणूस. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, "चालूबाई? उसको कौन नहीं जानता साब! हर मोहल्ले में जाती!"

तेव्हा मी मान वर केली. चंद्रभागाबाईला शोधत आलेला टोपीवाला म्हणजे मुलाचे वडील लक्ष्मणराव, हे आत्ता लक्षात आलं, आणि ते तर पाठ फिरवून निघाले होते. मी चपला न घालता त्यांच्यामागं धावलो. "पाव्हणं, थांबा. तेलुगूत त्याचा अर्थ..."

"तेलुगूत काई बी असन," ते म्हणाले. "आमी मराठीत राह्यतो."

पुढच्या मोटारीनं ते पैनगंगा ओलांडून गेले.

नकार मामाकडे गेला. बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. "काऊन नाई म्हनले असन? कोनी काई सांगतलं असन का, मारोतराव?" मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, "काय माहीत." इतकं खोटं मी भाड्याच्या भांड्याचा पोचा लपवतानाही बोललो नव्हतो. पुढं मामानं पत्रानं कारण कळवलं. बजारात लोक तिला काय म्हणतात, ते लिहिलं होतं. कोणी म्हटलं, ते नव्हतं.

त्यानंतर कोणी 'चालूबाई' म्हटलं की ती अंगावर जायची. बोकलगुड्याच्या त्या म्हातारीलाही ती तोडून बोलली. लाडानं ठेवलेलं नाव शिवी कसं झालं, ते म्हातारीला मरेपर्यंत कळलं नाही. एकेक मोहल्ला तिनं सोडला. पल्याडची आणखी दोन स्थळं आली, पण तिच्याआधी तिचं नाव नदी ओलांडून गेलेलं असायचं.

पंच्याण्णवला रुख्मिणीला मंचेरियलच्या एका बिजवराला दिली. कोळशाच्या खाणीत नोकरी, पदरात दोन लेकरं. माणसं मूळची मराठी, पण दोन पिढ्यांपासून घरात तेलुगूच. लग्न देवळात उरकलं. ज्या गावाला तिनं बारा वर्षं जेवू घातलं, त्यातल्या कोणालाच बोलावलं नाही. भर लग्नात कोणाच्या तोंडून ते नाव निघालं तर? पोशेट्टीनं मला विचारलं, आमचं काय चुकलं.

मला मात्र बोलावणं होतं. व्याह्यांपुढं नेऊन तिनं माझी ओळख करून दिली. "हे मारोतराव. अख्ख्या बजारात मले माह्या नावानं हाक मारनारा हा एकच मानूस."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तिनं पानात लाडू ठेवला, आणि मी तो खाल्ला.