पहिल्या दिवसाचं उदाहरण

"पढो दीदी."

सरांनी पट्टी फळ्यावरच्या ओळीखाली धरली. मी पोछा दाराशी टेकवला, पदराला हात पुसले आणि फळ्यासमोर उभी राहिली. समोर दहावीच्या इंग्रजीची नवीन बॅच. बाहेर चपलांच्या रांगा, त्या मीच लावलेल्या.

ओळ लांब होती. पहिला शब्द जुळवला. दुसऱ्यावर अडली. अडली की सर पट्टी उचलायचे, हे मला माहीत होतं.

"बस. देखा सबने?" सर पोरांकडं वळले. "ही आपली दीदी. इंग्लिशमध्ये फेल. आज क्या करती है? पोछा मारती है. इंग्लिश को हल्के में लोगे तो यही होगा. बनना है किसी को ऐसा?"

"नो सर."

एका सुरात. मग हसणं. सर हसले, मीही हसली. मी दर वेळी हसायची. हसलं की लवकर सुटका होते.

पण त्या दिवशी त्या "नो सर"मध्ये एक आवाज माझ्या ओळखीचा होता. शेवटच्या बाकावर माझी लहान बहीण बसली होती. मंजू.

सर वाईट माणूस नाहीत. हे आधी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढं लिहिताच येत नाही. मी केशोरीकडची. अर्जुनीहून गाडीत बसून गोंदियाला उतरली, तेव्हा या शहरात माझं कोणीच नव्हतं. इथं सारे हिंदीत बोलतात. मी तोंड उघडलं की लोक दोनदा विचारायचे. सरांनी कुडव्यातल्या त्यांच्या क्लासमध्ये काम दिलं. जिन्याखालची खोली राहायला दिली. मला ताप आला तेव्हा सरांनी स्वतःच्या स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. त्यांच्या घरच्या मॅडमनी स्वेटर दिलं. हे मी विसरली नाही. विसरणारही नाही.

म्हणूनच तर मी भीत होती. कुलूप लावलं की परत जाऊन ओढून पाहायची. फळ्यावर खडूचा एक डाग राहिला वाटलं तरी चैन पडायचं नाही. दिलेलं कधी परत मागतील, हीच धास्ती.

आता पहिल्या वर्षाचं सांगते. सर आदल्या दिवशी म्हणाले, "कल बच्चों के सामने तुझे खड़ा करना है."

आमच्याकडं माणसाला लोकांसमोर उभं करतात ते मान द्यायला. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच, तेव्हा पाहुण्याला उभं करतात, गुलाल लावतात, हातात नारळ देतात. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी पेटीतली हिरवी साडी काढली. डोक्याला तेल लावलं. समोर पोहे-आलूबोंड्याचा ठेला आहे, शेवंताबाईचा. तिला सांगून ठेवलं, "आज माहा सत्कार आहे. नारळ भेटला तर अर्धा तुले."

मग मी त्या साडीत फळ्यासमोर उभी राहिली. सरांनी ओळीखाली पट्टी धरली.

संध्याकाळी शेवंताबाईनं आवाज दिला, "काय वो, कुठं आहे माहा अर्धा नारळ?"

"उद्या देणार आहेत," मी म्हटलं.

त्यानंतर दर नवीन बॅचला, पहिल्या दिवशी, मी. पोरांना सवय झाली होती. मागच्या वर्षीच्या पोट्ट्या नवीन पोरींना सांगायच्या, थांब ना, आता दीदी येईल. मला वाटायचं, हेही कामच आहे. झाडण्यासारखं. पाणी भरण्यासारखं.

मग मंजू दहावीला बसली. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत राहिली. पुरवणी परीक्षेला वेळ थोडा होता. मी सरांना भीत भीत विचारलं. सर म्हणाले, "तेरी बहन मतलब अपनी ही बच्ची. फीस की बात मत कर." मी त्यांच्या पाया पडली. आईला फोन करून सांगितलं, सरांनी मंजूला फुकट घेतलं. आई फोनवरच रडली. मंजू पिशवी घेऊन आली, माझ्या खोलीत राहिली. पोरगी हुशार. अकरावीला जायचं, पुढं नर्स व्हायचं, हे तिनं मनात धरलेलं.

मला वाटलं होतं, ती बॅचमध्ये आहे म्हटल्यावर सर या खेपेला मला बोलावणार नाहीत.

बोलावलं.

त्या दुपारी मंजूनं ताट पुढं ओढलं नाही. भाताकडं पाहत बसली.

"ताई, तू काऊन उभी राहिली?"

"सर बोलावते तं उभं राहा लागते."

"हसत काऊन होती?"

मी वरणात पाणी घालत बसली.

"मी पण म्हटलं, नो सर," ती म्हणाली. "साऱ्याईनं म्हटलं तं निघून गेलं तोंडातून."

"जाऊ दे. त्याईनं तुले फुकट बसवलं ना."

मंजूनं मान वर केली. "म्हणजे माही फी तू अशी भरून राहिली काय?"

ती ओरडली नाही. बोलली, हात धुतला आणि वही घेऊन वर गेली, कारण क्लासचा दुपारचा तास होता. मी भांडी घासायला घेतली. भात शिजवलेला एकच गंज घासत राहिली. डोक्यात सरांचा एक शब्द फिरत होता. फेल. इतकी वर्षं ऐकत होती. इतकी वर्षं खरं मानत होती.

मी फेल कधी झाली?

गावच्या शाळेत आमचे इंग्रजीचे मास्तर बदलून गेले. दुसरे आलेच नाहीत. त्या तासाला आम्ही पटांगण झाडायचो. मी नववीत असताना आई शेतात पडली, मांडीचं हाड मोडलं. मंजू लहान. घरात रांधायचं कोणी? हेडमास्तर घरी आले नाहीत, कोणीच आलं नाही. मी दहावीचा वर्ग आतून पाहिलाच नाही. बोर्डाचा पेपर माझ्या हातात कोणी दिला नाही. मग मी फेल कोणत्या पेपरात झाली?

त्या दिवशी पोछा मारताना दोनदा बादली सांडली.

दहाबारा दिवस गेले. बारावीची बॅच सुरू व्हायची होती आणि या वेळी पालकांनाही बोलावलं होतं. बाहेर मोठं बॅनर लागलं. मी चहाचे कप मांडत होती तेव्हा सर आले.

"कल पेरेंट्स रहेंगे. तू काम वाली साड़ी में ही आना. वो हरी वाली मत पहनना."

आणि निघून गेले.

मी तिथंच उभी. म्हणजे हिरवी साडी सरांच्या लक्षात होती. ती एकदाच नेसली होती मी, त्या पहिल्या दिवशी. सरांनी तेव्हाच पाहिलं होतं, ही नटून आली आहे. बाई मानाच्या आशेनं नटून आली हे न कळण्याइतके सर अडाणी नाहीत. कळलं होतं. तरी पट्टी उचलली होती.

इतके दिवस मला वाटायचं, त्यांना माहीत नाही आपल्याला काय वाटते. ते मोठे लोक, त्यांच्या ध्यानात येत नसेल. या एका समजुतीवर मी तिथं टिकली होती. ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामाच्याच साडीत गेली. हॉल भरलेला. पोरं पुढं, मायबाप मागं. गळ्यात दुपट्टा टाकलेले, गावाहून आलेले लोक होते. फटफटी घेऊन आलेले शहरातले होते. मंजू पाण्याचे ग्लास देत होती, सरांनीच तिला सांगितलं होतं.

"आओ दीदी. पढो."

पट्टी ओळीखाली गेली. मी ओळीकडं पाहिलंच नाही.

"सर, मी फेल नाही झाली."

"क्या?"

"मी दहावीच्या परीक्षेलेच नाही बसली. ज्यानं पेपरच नाही देला, तो फेल कसा होते? आमच्या शाळेत इंग्रजीचे मास्तरच नव्हते. सांगायचं असन तं हेही सांगा पोराईले."

सर हसले, "अरे, मजाक चल रहा है."

"मजाक तुमचा आहे. उभी मी राहतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईनं मान खाली घातली आणि पदर सारखा केला. एक बाप मोबाईल पाहायला लागला. पुढच्या बाकावरची पोट्टी हसायच्या तयारीत होती, तिचं तोंड तसंच राहिलं. मी पट्टीला हात लावला नाही, काही फेकलं नाही. दाराशी गेली, पोछा उचलला आणि खाली आली. मंजू मागून आली. तिच्या हातात ट्रे तसाच होता.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मी पाहिलं.

"मैंने तेरे लिए क्या नहीं किया?"

"केलं सर. सारं केलं. मी कधी नाही म्हणणार नाही. पण त्याच्यात हे नव्हतं ठरलं."

त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "तो अब बहन का भी तू ही देख ले."

जिन्याखालची खोली आम्ही त्याच दिवशी सोडली. पिशव्या घेऊन रस्त्यावर आलो तेव्हा शेवंताबाई आलूबोंडे तळत होती. पोरांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. तिनं झारा कढईवर आपटला.

"देला तं मग शेवटी नारळ."

मंजू हसली. मला हसू आलं नाही. आता कुठं जायचं, हेच डोक्यात होतं.

आता मी शेवंताबाईच्या ठेल्यावर काम करते. तिच्याच घरामागच्या पडवीत आम्ही दोघी राहतो. क्लास समोरच आहे. सर येता-जाता दिसतात. मी नमस्कार करते. ते मान हलवतात, कधी हलवत नाहीत. नवीन बॅचच्या पहिल्या दिवशी आता फळ्यासमोर कोणाला उभं करतात, माहीत नाही. हॉलमधून हसण्याचा आवाज आला की माझा हात थांबतो.

मंजू जुन्या गाईडावर अभ्यास करते. शिकवणारं कोणी नाही. अडली की तिथंच अडते, मग पान उलटते. तिचा पेपर अजून व्हायचा आहे. बिघडला तर आई म्हणेल, तुझ्या तोंडापायी पोरीचं वर्ष गेलं. कदाचित खरंच म्हणेल. मला बसवत नाही. कांदे चिरताना मी ठेल्याभोवती दोन चकरा मारून येते. शेवंताबाई म्हणते, "बाई, तुले काय मुंग्या चावून राहिल्या?"

सर मला फेल म्हणत होते, तेव्हा मी गप्प राहिली असती तर मंजू त्या हॉलमध्ये पास होणं शिकली असती. आणि "नो सर" म्हणणंही शिकली असती. दुसरं मला तिला शिकू द्यायचं नव्हतं.

मी केशोरीला जाऊन शाळेचा दाखला आणला. बाहेरून दहावीला बसता येते, हे मला मंजूनं सांगितलं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. मी भरणार आहे. इंग्रजीचाही पेपर देणार आहे. पोट्टे शेजारी बसतील, पर्यवेक्षक माझ्याकडं पाहतील, बसू द्या. ओळीत अडेन. पण अडली तर माझ्या पेपरावर अडेन, कोणाच्या पट्टीखाली नाही.

फेल होईन, तर होईन. पण तोवर मला कोणी फेल म्हणायचं नाही. म्हणायचं असेल, तर आधी माझा पेपर तपासा.